भुई एकाची, भिंती दुसऱ्याच्या : तंजावूरच्या कोटातील घरांचा आढावा

तंजावूर शहरात घर कोठे घ्यावे अथवा भाड्याने कोठे राहावे, हा प्रश्न रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेकडील नव्या वसाहतींत देशातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरासारखाच सुटतो. भाव, पाणी, शाळा आणि रस्ता एवढे पाहिले की निर्णय होतो. राजवाड्याभोवतीच्या जुन्या कोटात मात्र तो तसा सुटत नाही, कारण तेथे घर बांधणारा किंवा घरात राहणारा एक आणि घराखालच्या जमिनीचा धनी दुसरा, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे, आणि हा दुसरा धनी कधी देवस्थान असते, कधी छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी स्थापिलेली धर्मशाळा असते, तर कधी शासन. साडेतीनशे वर्षांच्या मराठी वास्तव्याचा इतिहास बहुधा राजे, ग्रंथालय आणि संगीत यांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तोच इतिहास निवाऱ्याच्या अंगाने पाहिला आहे, कारण कोटातील आजचे घरभाडे, घरविक्री आणि घर सोडून जाणे ही तिन्ही त्या इतिहासानेच ठरवलेली आहेत.

कोटाची मांडणी आधी समजून घेणे आवश्यक आहे. तंजावूरला दोन किल्ले लागून होते : नैर्ऋत्येचा लहान किल्ला, ज्यात बृहदीश्वराचे मंदिर आणि शिवगंगा तलाव येतात, आणि त्याच्या ईशान्येचा मोठा कोट, ज्यात राजवाडा व नगर वसले. सोळाव्या शतकात नायक राजांनी वाड्याची उभारणी सुरू केली. १६७३ मध्ये मदुरैच्या नायकांनी तंजावूर जिंकले, आणि दोन-तीन वर्षांतच शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी ते घेतले, तेव्हा त्यांना शहर नव्याने वसवावे लागले नाही, तयार कोटात केवळ माणसे बदलली. वाड्याला मध्ये धरून चार राजवीथी आहेत, ज्यांना तमिळमध्ये दिशेनुसार कीळ, तेर्कु, मेल आणि वडक्कु राज वीदि म्हणतात आणि सरकारी पाट्यांवर ईस्ट मेन स्ट्रीट वगैरे नावे दिसतात. त्यांच्या बाहेर तटालगतची जी पट्टी, ती ‘अलंगम’, आणि तिच्याही बाहेर ‘अगळि’ म्हणजे खंदक. राजवीथी, त्यांना मिळणाऱ्या गल्ल्या, अलंगम आणि खंदकाचा काठ या क्रमाने पूर्वी प्रतिष्ठा उतरत जाई, आणि घरांच्या किमतींत तो उतार आजही बराचसा ओळखू येतो.

मराठी राजवटीत वस्ती ही राजाच्या देण्याची बाब होती. विद्वान, कीर्तनकार, कारकून, शिलेदार आणि वाड्यातील कारागीर यांना कोटात किंवा कोटाबाहेर जागा मिळे ती सेवेच्या नात्याने. विकत घेतलेले घर हा अपवाद असावा असेच एकूण व्यवहारावरून दिसते. दुसऱ्या शहाजीने १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर गावी शाहजिराजपुरम नावाचे अग्रहार वसवून विद्वानांना दान दिले. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना घरे व उत्पन्नाची जमीन यांसह दिलेली वसाहत. तेथे दोन रांगांतील घरे, टोकाला मंदिर आणि मागे परसू असा एकच नमुना दिसतो. कोटातील रस्त्यांची व भागांची नावे पाहिली तरी हाच संबंध दिसतो : दबीर कुळम रस्त्याला दबीर या दरबारी हुद्द्याचे नाव आहे, मानोजियप्पा वीदि ही राजा प्रतापसिंहाच्या सेनापतीची आठवण आहे, आणि पश्चिम व उत्तर राजवीथींच्या कोपऱ्यावरचा मारुती, ज्याला तमिळ लोक ‘मूलै आंजनेयर’ म्हणजे कोपऱ्यावरचा आंजनेय म्हणतात, तो प्रतापसिंहाच्याच काळचा आहे. पश्चिम राजवीथीवर बंगारू कामाक्षीचे मंदिर, तिचे उपासक श्यामा शास्त्री यांचे घर आणि भरतनाट्यम्‌ला आजचा क्रम देणाऱ्या तंजावूर चतुष्टयाचे म्हणजे चार भावांचे घर, ही सारी हाकेच्या अंतरावर आहेत. राजाश्रय मिळालेल्या कलावंताला वाड्यापासून फार दूर राहणे परवडत नसे, हे त्यामागचे साधे कारण होय.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि स्वतःकडे कोट, वाडा व नेमणूक एवढेच राखले. म्हणजे राज्य गेले तरी कोटाच्या आतील घरांचा धनी तोच राहिला. वाड्यातील माणसांची संख्या यामुळे घटली नाही, उलट बाहेरचे उत्पन्न आटल्यावर आश्रितांची दाटी आतच वाढली असणार. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुत्राविना वारला आणि कंपनीने संस्थान खालसा केले. पाठोपाठ वाडा व खासगी मिळकतही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली आणि त्या जिंकल्या, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल फिरवला. कंपनीने जे केले ते ‘राज्यकृत्य’, म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली कृती असून तिची योग्यायोग्यता दिवाणी न्यायालय तपासू शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला राज्यकृत्याच्या व्याख्येसाठी शिकवला जातो. घरांच्या इतिहासात त्याचे महत्त्व असे की कोटातील प्रत्येक रहिवाशाच्या हक्काचा मूळ दाखलाच त्याने अधांतरी केला.

१८६२ मध्ये सरकारने खासगी मिळकत राण्यांना मेहेरबानी म्हणून परत दिली, आणि तिथून ‘पॅलेस इस्टेट’ नावाचे प्रकरण सुरू झाले. इस्टेटीवर राण्यांचा संयुक्त हक्क, त्यांच्यानंतर वारस कोण हा वाद, राजाच्या खड्गविवाहाच्या म्हणजे वराऐवजी त्याची तलवार ठेवून लावलेल्या विवाहाच्या स्त्रियांच्या मुलांचे दावे, आणि शेवटी दूरचे सगोत्र म्हणून कोल्हापूरच्या महाराजांचाही दावा, असे हे प्रकरण १९२४ पर्यंत मद्रास उच्च न्यायालयात चालले. या दोन पिढ्यांच्या काळात कोटातील इस्टेटीच्या घरांची डागडुजी कोणी करायची हेच ठरलेले नव्हते. ज्याचा हक्क उद्या राहील की नाही हे ठाऊक नाही, तो छपरावर पैसा घालत नाही. राजवाडा परिसरातील पडझडीचा दोष हवेला व वाळवीला दिला जातो, पण त्यातला मोठा वाटा वारसाहक्काच्या खटल्यांचा आहे. त्या मानाने ग्रंथालयाचे नशीब चांगले : सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक झाले आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. वाड्याच्या इतर भागांत सरकारी कचेऱ्या आणि शाळा आल्या, कलादालन १९५१ मध्ये उघडले, आणि भोसले घराण्याचे वास्तव्य सदर महालात राहिले.

आजच्या घरांच्या दृष्टीने राजघराण्याचा सर्वांत टिकाऊ वारसा म्हणजे राजवाडा देवस्थान. या देवस्थानाकडे बृहदीश्वर आणि पुन्नैनल्लूरची मारियम्मन यांसह ८८ देवळे असून भोसले घराण्यातील ज्येष्ठ पुरुष त्यांचा वंशपरंपरागत विश्वस्त असतो. देखरेख मात्र राज्याच्या हिंदू धर्मादाय खात्याची असते. देवळांच्या मालकीच्या जागांवर पिढ्यान्‌पिढ्या जी घरे व दुकाने उभी आहेत, त्यांच्या वहिवाटीला तमिळमध्ये ‘अडिमनै’ म्हणतात : खालची जमीन देवाची, वरचे बांधकाम कुळाचे, आणि कूळ जमिनीचे भाडे भरते. हे भाडे पूर्वी नाममात्र असे, त्यामुळे लोकांना त्याचा विसर पडला आणि घराचे खरेदीखत बांधकामापुरते आहे हे मुलानातवंडांच्या लक्षातही राहिले नाही. १९२१ चा मद्रास शहर कुळसंरक्षण कायदा, जो पुढे राज्यातील इतर शहरांनाही लागू करण्यात आला, तो अशा कुळाला निष्कासनाच्या वेळी बांधकामाची भरपाई आणि काही अटींवर जमीन विकत मागण्याचा हक्क देतो. परंतु १९९६ च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी त्यातून वगळल्या. शिवाय १९५९ च्या धर्मादाय कायद्यानुसार देवळाच्या जमिनीचा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय निरर्थक ठरतो आणि ‘न्याय्य भाडे’ समितीकडून बाजारभावाशी जोडून ठरते. देवाचे उत्पन्न बुडू नये हा हेतू रास्तच आहे. पण साधे भाडे अचानक अनेक पटींनी वाढल्यावर निवृत्तिवेतनावर जगणारे जुने कूळ आणि पुढच्या खोलीत मोबाइलचे दुकान चालवणारे कूळ यांना एकाच मापाने मोजले जाऊ नये, एवढा विवेक आकारणीत असायला हवा. छत्रांच्या मिळकतींची गोष्ट याहून निराळी नाही. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेल्या छत्रांच्या जमिनी जिल्हा प्रशासनाकडे आल्या आणि त्यांवरील कुळे शासनाची कुळे झाली.

मुंबईच्या वाचकाला येथे पागडीची आठवण होईल, पण साम्य वरवरचे आहे. पागडीत जमीन व इमारत दोन्ही मालकाची असून भाडेकरू राहण्याचा हक्क विकत घेतो. अडिमनैत इमारत कुळाचीच असते, म्हणून ती पडली तर नुकसानही त्याचेच.

घराची वास्तू कशी आहे हे पाहिल्यावर हा व्यवहार आणखी स्पष्ट होतो. राजवीथींच्या गल्ल्यांतील जुने घर रुंदीला थोडके आणि खोलीला पुष्कळ असते. रस्त्याला लागून ‘तिण्णै’ म्हणजे खांबांवर उतरत्या कौलांचा ओटा, जेथे पूर्वी वाटसरूही रात्र काढी. मग अरुंद ‘रेळि’, म्हणजे प्रवेशाचा बोळ. मग ‘कूडम’, म्हणजे माजघर, ज्यात झोपाळ्याच्या कड्या तुळईला अजून असतात. त्याच्या मध्यावर किंवा कडेला उघडा ‘मुट्रम’, म्हणजे चौक. पलीकडे स्वयंपाकघर, आड आणि शेवटी ‘कोल्लै’, म्हणजे परसू. वरच्या गच्चीला मद्रास टेरेस म्हणतात : सागवानी वाशांवर उभ्या विटा चुन्यात रचून त्यावर चुन्याचाच थर दिलेला. चौकातून वारा आत खेळतो, भिंती जाड आहेत, त्यामुळे मे महिन्यातही माजघरात दुपार काढता येते; नव्या वसाहतीतील सपाट स्लॅबखाली ती काढता येत नाही. बिघाड होतो तो दोन कारणांनी. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि चारदोन पावसाळ्यांत वाशांची टोके कुजतात. दुसरे कारण वाटणीचे. दोन भाऊ वेगळे होताना घर लांबीच्या दिशेने चिरतात, चौकाच्या मधोमध भिंत येते, आणि ज्या एका जागेने घराला उजेड मिळत होता तीच दोघांनाही निरुपयोगी होते. आडवी वाटणी केली असती तर मागच्याला रस्ता मिळाला नसता, म्हणून हा दोष कोणा एकाच्या पदरी टाकता येत नाही.

पाण्याबाबत कोटाची जुनी व्यवस्था नव्या वसाहतींच्या पुढे होती. शिवगंगा तलावात शहराबाहेरच्या सेवप्पनायक तळ्याचे पाणी येई, आणि तेथून भुयारी नळांनी ते कोटातील अय्यनकुळम, सामंतनकुळम यांसारख्या तळ्यांपर्यंत पोहोचे. तळी भरली की आजूबाजूच्या घरांतील आडांना पाणी चढे. तळ्यांकडे दुर्लक्ष झाल्यावर आड आटले आणि त्या आडांत सांडपाणी सोडण्याचा वाईट पायंडा पडला. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर अय्यनकुळमची दुरुस्ती झाली, तेव्हा शिवगंगेकडून येणारा जुना भुयारी मार्ग सापडला व पुन्हा वापरात आणला गेला. कोटात घर घेणाऱ्याने नळाच्या वेळेइतकीच घराजवळच्या तळ्याची स्थिती पाहावी, कारण उन्हाळ्यात आडाला पाणी राहणार की नाही हे तळ्यावर अवलंबून असते. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आणि जुनी कौले पाहायची तर त्याच दिवसांत पाहावीत. जूनमध्ये घर पाहणाऱ्या महाराष्ट्रीय पाहुण्याला सर्वच घरे कोरडी दिसतात.

भाड्याचे व्यवहार तीन तऱ्हांचे आहेत. पहिली नेहमीची, मासिक भाडे आणि ‘अॅडव्हान्स’ म्हणजे अनामत. २०१७ च्या राज्य कायद्याने, जो फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला, घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली असून लेखी करार व त्याची नोंदणी आवश्यक केली आहे, परंतु व्यवहारात त्याहून पुष्कळ अधिक अनामत मागितली जाते आणि दिलीही जाते. दुसरी तऱ्हा ‘ओत्ति’, जिला आता सर्रास ‘लीस’ म्हणतात : भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम मालकाला देतो, दोन-तीन वर्षे भाडे न देता राहतो आणि मुदतीअंती मुद्दल परत घेऊन घर सोडतो. मराठी कागदोपत्री ज्याला ताबेगहाण म्हणतात तोच हा प्रकार. समजा, पाच लाख रुपये दिले आणि बँकेत त्यांवर वर्षाला सात टक्के व्याज मिळाले असते, तर भाडेकरूने दरमहा सुमारे २,९०० रुपयांत घर मिळवले. त्या घराचे चालू भाडे सहा हजार असेल तर व्यवहार फायद्याचा वाटतो. फायद्याची मेख मालकाच्या गरजेत आहे. त्याने ते पैसे मुलीच्या लग्नात किंवा कर्जफेडीत खर्च केलेले असतात, आणि मुदत संपल्यावर पुढचा ओत्तिदार मिळेपर्यंत तो मुद्दल देऊ शकत नाही. शंभर रुपयांवरील गहाणखत नोंदवलेले असावे असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, तरी पुष्कळ ओत्ति केवळ मुद्रांक कागदावर होतात. अशा घरावर बँकेचे आधीचे कर्ज निघाले तर भाडेकरूची रक्कम बुडण्याच्याच वाटेला लागते. तिसरी तऱ्हा अडिमनै, जिचा विचार वर आला आहे.

घर मिळण्याच्या अटींत जात व आहार यांचा प्रश्न आजही विचारला जातो, हे नमूद केल्यावाचून आढावा खरा होणार नाही. ‘शाकाहारीच हवेत’ ही अट कोटातील ब्राह्मणी गल्ल्यांत उघड सांगितली जाते. मुसलमान व दलित कुटुंबांना तिचा अर्थ पूर्ण कळतो. तंजावूरच्या मराठी समाजातही देशस्थ ब्राह्मण, ज्यांना तेथे ‘रायर’ म्हणतात, आणि मराठा कुटुंबे यांच्या गल्ल्या वेगळ्या होत्या, आणि घरात एकच भाषा बोलूनही त्यांचे शेजार क्वचितच जमले. घर बदलण्याचा काळ मात्र सर्वांचा सारखा झाला आहे : तमिळ आडी व मार्गळी महिन्यांत कोणी बिऱ्हाड हलवत नाही, तै किंवा आवणीत हलवतात, आणि नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालण्याची रीत मराठी घरांनीही केव्हाच आपली म्हटली आहे.

तटालगतच्या आणि खंदकाकाठच्या वस्तीविषयी शहरात सहानुभूती कमी आहे, तिचा उल्लेख अतिक्रमण एवढाच होतो. अलंगमवर आणि अगळीच्या काठी मजूर, हातगाडीवाले व घरकाम करणाऱ्या बायका यांची घरे अनेक दशके उभी होती. अनेकांकडे वीजजोडणी व शिधापत्रिका होती, जमिनीचा कागद नव्हता. स्मार्ट सिटीच्या कामांत खंदक मोकळा करताना ही घरे पाडण्यात आली व कुटुंबांना शहराच्या कडेला बहुमजली सदनिका देण्यात आल्या. खंदक वाचला हे खरे. पण ज्या बाईची चार घरची कामे राजवीथीवर होती, तिला आता दोन्ही वेळा बसने यावे-जावे लागते. कोटातील वस्तीचा इतिहास लक्षात घेता, कागद नसणे हा गुन्हा फक्त खंदकाकाठच्या माणसांचाच होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

कोट सोडून जाण्याची प्रक्रिया मात्र बहुतांशी स्वखुशीची आहे. खालसा झाल्यानंतर नेमणुका संपल्या आणि इंग्रजी शिकलेली तंजावूरकर मराठी घराणी चाकरीमागे बाहेर पडली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे याच जिल्ह्यातील मराठी घराण्याचे. पुढच्या पिढ्या मद्रास, बंगळूर आणि परदेशी गेल्या. मागे राहिलेले घर म्हाताऱ्या आईवडिलांच्या हयातीपर्यंत टिकते, नंतर दहा वारसांच्या सह्या जमेपर्यंत कुलपात राहते, आणि अखेर पूर्व किंवा दक्षिण राजवीथीवर असेल तर व्यापाऱ्याला जाते; तिण्णैच्या जागी लोखंडी शटर बसते. २०१५ मध्ये शंभर वर्षांच्या खंडानंतर बृहदीश्वराचा रथ या चार राजवीथींतून पुन्हा फिरला, तेव्हा रस्त्यालगत पाहणाऱ्यांत दुकानदार अधिक आणि रहिवासी कमी असतील, असे घरांच्या आजच्या वापरावरून म्हणता येते.

नव्या वसाहती कालव्याच्या व लोहमार्गाच्या दक्षिणेला आहेत. १९३४ मध्ये मेट्टूर धरणाबरोबर सुरू झालेला ग्रँड अनिकट कालवा, लोकांच्या तोंडी ‘पुदु आरु’ म्हणजे नवी नदी, हीच जुन्या व नव्या तंजावूरची सीमा समजावी. वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आणि नवे बसस्थानक यांच्याभोवती दवाखाने, शाळा व सदनिका वाढल्या. २०१४ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यावर वाढीने वेग घेतला. तेथे जोखीम वेगळी आहे : शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले विनामंजूर भूखंड. २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा भूखंडांच्या नोंदणीला आळा घातला आणि २०१७ मध्ये नियमितीकरणाची योजना आली, म्हणून भूखंडाचा नगररचना विभागाचा मंजुरी क्रमांक पाहिल्यावाचून इसार देऊ नये. खरेदीचा खर्च मुद्रांक शुल्क सात टक्के व नोंदणी दोन टक्के, मिळून नऊ टक्के येतो. बृहदीश्वर मंदिराजवळ घर पाहणाऱ्याने २०१० चा केंद्रीय कायदाही ध्यानात घ्यावा : संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढील २०० मीटरांत परवानगी लागते, दुरुस्तीलाही.

एकूण निर्णय असा देता येतो. शाळकरी मुले आणि नोकरी असलेल्या कुटुंबाने कोटात घर घेण्याचा अट्टहास करू नये. त्याने दक्षिणेकडे भाड्याने राहावे. वृद्धांना, गवय्यांना, कारागिरांना आणि सरस्वती महालात काही वर्षे काम करू पाहणाऱ्या अभ्यासकाला कोटासारखी जागा नाही, कारण देऊळ, बाजार, ग्रंथालय आणि डॉक्टर पायी अंतरावर आहेत व घर थंड आहे. परंतु विकत घ्यायचे असल्यास महसूल खात्याचा ‘पट्टा’ म्हणजे जमिनीच्या मालकीचा उतारा, आणि नोंदणी कचेरीतील ‘विल्लंग’ दाखला म्हणजे बोजांची यादी, निदान तीस वर्षांची, हे दोन्ही हातात आल्यावाचून विटेच्या रंगाला आणि सागवानी खांबांना भुलू नये. पट्ट्यावर देवाचे नाव असेल तर विकत मिळते ते फक्त बांधकाम. राजवाडा देवस्थान आणि छत्र प्रशासन यांनी कोटातील आपापल्या भूखंडांची रस्तावार यादी, आकारलेल्या भाड्यासह, तमिळ व मराठी दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, त्यांच्या नोंदवह्या उघडणे पुरेसे आहे.